अपस्मार असलेल्या किशोरांचं नियोजन: ऑनलाइन मदत घेताना घरी काय करायचं

दप्तर भर, डबा घे, येताना आजीच्या गोळ्या आण. सकाळी अशा तीन सूचना एका दमात दिल्या की दप्तर भरलं जातं, डबा ओट्यावर राहतो आणि गोळ्यांचा विषयच निघत नाही. घरात याला वेंधळेपणा म्हणतात, शाळेत निष्काळजीपणा, आणि मूल नववी-दहावीत असेल तर मोबाइलचं वेड. मुलाला किंवा मुलीला अपस्मार असेल तर ही तिन्ही निदानं बहुधा चुकीची ठरतात.

फिट हा अपस्माराचा डोळ्यांना दिसणारा भाग. काम सुरू करणं, पायऱ्या लावणं, वेळेचा अंदाज घेणं, हातातलं काम संपेपर्यंत सूचना लक्षात ठेवणं, राग आवरणं, ठरलेला बेत बदलणं ही नियोजनाची कामं मेंदूच्या ज्या जाळ्या करतात, त्यांनाही हा आजार त्रास देतो. याला कारणं अनेक: मूळ विकार, दोन फिटच्या मधल्या काळातही ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात) दिसणारी गडबड, औषधं, तुटक झोप, आणि ‘वर्गात फिट आली तर’ या धास्तीने येणारी उदासी. फ्रंटल लोबमधून (मेंदूच्या कपाळामागच्या भागातून) सुरू होणाऱ्या अपस्मारात आणि जुव्हेनाइल मायोक्लोनिक प्रकारात (सकाळी उठल्यावर हात झटकतो, हातातला कप पडतो, तो प्रकार) नियोजनाची अडचण विशेष दिसते. बुद्धी चांगली असते, म्हणूनच ती उशिरा लक्षात येते. आठवीपर्यंत बाई वहीत लिहून देतात, आई दप्तर भरते. नववीपासून शाळा, कोचिंग, प्रॅक्टिकल आणि टेस्ट सिरीज यांची चार वेगळी वेळापत्रकं मुलाच्या डोक्यावर येतात आणि तिथे गाडी अडते.

या नियोजनासाठी इंदूरसारख्या शहरात थेरपिस्टची ऑनलाइन मदत सोयीची वाटते ती वेळेमुळे. सुदामानगरातून संध्याकाळच्या गर्दीत विजयनगरला जाऊन यायचं म्हणजे मुलाची अख्खी संध्याकाळ जाते, आणि नंतर तो दमून झोपतो. देवास, महू, धारकडच्या घरांना तर दर आठवड्याचा प्रवास परवडतच नाही. दुसरा फायदा याहून मोठा आहे: थेरपिस्टला मुलाचं खरं टेबल, खरं कपाट, खरा फोन दिसतो. दवाखान्यातल्या मोकळ्या टेबलावर शिकलेलं नियोजन घरच्या पसाऱ्यात टिकत नाही.

या कामासाठीच तयार केलेला एक कार्यक्रम अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात आकाराला आला, ‘एपिलेप्सी जर्नी’. मुलांनी स्वतः करायचे दहा ऑनलाइन धडे आणि सोबत थेरपिस्टशी व्हिडिओ कॉलवर बोलणं, अशी त्याची रचना. आपल्याकडे तो जसाच्या तसा मिळावा असा हट्ट नको, पण सांगाडा उचलण्यासारखा आहे: छोटे धडे, मधे घरचा सराव, आणि बोलायला माणूस.

आधी वही, मग थेरपिस्ट

पहिल्या सत्राआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. रोज पाच गोष्टी लिहायच्या: रात्री किती वाजता झोपला आणि किती वाजता उठला, औषध प्रत्यक्ष किती वाजता घेतलं, फिट किंवा झटका किंवा क्षणभर हरवल्यासारखं झालं का, मूड कसा होता, आणि कुठलं काम कुठे अडलं.

शेवटचा रकाना नीट भरणं सगळ्यात महत्त्वाचं. ‘आळस केला’ असं लिहू नका. ‘सातला बसायचं ठरलं, सात चाळीसला वही उघडली, मधे तीनदा पाणी प्यायला उठला’ असं लिहा. दोन आठवड्यांनी या नोंदी पाच ढिगांत टाका: सुरुवात होत नाही, क्रम चुकतो, वेळ हुकते, सूचना विसरतो, बेत बदलला की भडकतो. बहुतेक मुलांचे दोन ढीग बाकीच्यांहून मोठे निघतात. त्या दोनांवरच काम करायचं. पाचही एकदम सुधारायला जाणाऱ्या घरांत तिसऱ्या आठवड्यात तक्ता भिंतीवरून उतरतो.

थेरपिस्ट बहुधा ‘ब्रीफ’ नावाची, रोजच्या नियोजनात काय अडतं हे विचारणारी प्रश्नावली देतील. ती पालक, शिक्षक आणि स्वतः मूल अशा तिघांकडून भरून घ्या. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, न जुळणं हीच पहिल्या सत्राची चर्चा. अशी कुठलीही चाचणी फिट आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करू नका. तेव्हाचा मेंदू थकलेला असतो आणि आकडे खोटे वाईट येतात.

औषध, झोप, मन

वही न्यूरोलॉजिस्टना (मेंदूविकारतज्ज्ञांना) दाखवल्याशिवाय सराव सुरू करू नका. अपस्माराच्या औषधांपैकी टोपिरामेटवर काही मुलांना शब्द सुचत नाहीत आणि बोलणं संथ होतं. फेनोबार्बिटल आणि क्लोबाझामने सुस्ती येते. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, आणि घरचे ती ‘वयच तसं’ म्हणून सोडून देतात. नवं औषध किंवा वाढवलेला डोस आणि नवी अडचण यांच्या तारखा जवळजवळ असतील, तर तिथे नियोजनाचे धडे काय करणार? तो प्रश्न डॉक्टरांचा. गोळी मात्र स्वतःहून कमी करायची नाही, बंद तर मुळीच नाही. एकदम थांबवलेल्या औषधाने लांबलेल्या फिट येऊ शकतात.

झोपेचं गणित इंदूरला जरा अवघड आहे. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि अपुरी झोप हे फिट येण्याचं अगदी ओळखीचं कारण, मायोक्लोनिक प्रकारात तर फारच. पण शहराची मजा रात्री: सराफ्यातला खाऊबाजार मध्यरात्रीनंतरही जागा, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर, लग्नाच्या वराती त्याहून लांबलेल्या. मुलाला कायम घरी ठेवणं हा उपाय नव्हे. उलट नियोजन शिकवायला याहून चांगला धडा मिळणार नाही. झांक्या बघायच्या तर किती वाजता परतायचं, रात्रीची गोळी खिशात कोण ठेवणार, दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत झोपायचं आणि त्या सकाळचा क्लास सोडायचा का, हे त्याने चार दिवस आधी कागदावर मांडायचं. तुम्ही फक्त सही करायची.

उदासी आणि चिंता अपस्मारात नेहमीपेक्षा जास्त आढळतात, आणि दोन्ही बाहेरून थेट आळसासारख्या दिसतात. मूल आवडत्या गोष्टींतूनही मागे सरलं असेल तर आधी त्याची तपासणी करून घ्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. ‘जगून काय करायचं’ अशी भाषा आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

कोणाकडून मदत घ्यायची

थेरपिस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतात आणि त्यांना सीआरआर (केंद्रीय पुनर्वास नोंदवहीचा) क्रमांक मिळतो. तो विचारा. विचारण्यात संकोच नको, चांगली माणसं स्वतःच सांगतात. पहिल्या फोनवर आणखी चार प्रश्न: अपस्मार असलेल्या मुलांबरोबर काम केलंय का? सत्रात फिट आली तर तुम्ही काय कराल? दोन सत्रांच्या मधे काय करायला देता? पालकांनी कुठे असायचं आणि कुठे नाही?

दुसऱ्या प्रश्नाला ‘तसं काही होत नाही’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. तसंच ‘स्मरणशक्ती दुप्पट करू’, ‘गोळ्या सुटतील’, ‘पन्नास सत्रांचं पॅकेज आजच घेतलं तर सूट’ हे ऐकलं की थांबा. मेंदूचे खेळ विकणाऱ्या अॅपबद्दल स्पष्टच लिहितो: आकडे लक्षात ठेवण्याचा खेळ रोज खेळला की मूल तो खेळ छान खेळायला लागतं. दप्तर भरण्यात, वेळेवर बसण्यात त्याचा फरक फारसा उतरत नाही. ज्या मुलाची अडचण आठवणीची, त्याची आठवण व्यायामाने पिळून काढण्यापेक्षा ती डोक्याबाहेर ठेवायला शिकवा: भिंतीवर, वहीत, अलार्ममध्ये, गोळ्यांच्या डबीत. चांगला थेरपिस्ट सगळा वेळ हेच करून घेतो.

भाषेचा मुद्दा इंदूरच्या मराठी घरांत नेमका विसरला जातो. घरी मराठी, मित्रांत हिंदी, पुस्तकं इंग्रजी. शब्द आठवण्याच्या चाचण्या चुकीच्या भाषेत घेतल्या तर निकाल बिघडतो, म्हणून आधी तोंडी विचारा: मनातल्या मनात मोजतोस कुठल्या भाषेत? स्वतःशी बोलतोस कुठल्या? इथल्या पुष्कळ मुलांचं उत्तर हिंदी येतं. मग त्याची यादी हिंदीत लिहू द्या. आजीला वाईट वाटेल, पण यादी आजीसाठी नाही.

सत्राची मांडणी आणि सुरक्षितता

सत्राच्या आधी थेरपिस्टकडे तीन गोष्टी लिहून द्या: घराचा पूर्ण पत्ता खुणेसकट, घरात त्या वेळी असणाऱ्या मोठ्या माणसाचा फोन, आणि डॉक्टरांनी दिलेली फिटची सूचना. सत्र चालू असताना एक मोठं माणूस घरात हवंच, पण त्या खोलीत नको. दार लोटलेलं, कडी न लावलेलं. मूल हात असलेल्या खुर्चीत, जवळ काचेचं टेबल नाही, गरम चहा नाही.

फिट आली तर: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवणं यात नुसता वेळ जातो. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. फिट थांबवणारा मिडाझोलामचा नाकातला फवारा डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर तो कधी, किती मारायचा हे कागदावर लिहून त्याच खोलीत चिकटवा. कपाटात कुलूपबंद फवारा कामाचा नाही.

ऑनलाइनचा एक खास घोटाळा आहे. काही मुलांना ‘अॅब्सेन्स’ प्रकारची फिट येते: पाच-दहा सेकंद नजर स्थिर, बोलणं बंद, मग जणू काही झालंच नाही. व्हिडिओ कॉलवर हे हुबेहूब नेटवर्क अडकल्यासारखं दिसतं. थेरपिस्ट वाट बघतात, मग पुढे जातात, आणि मधली सूचना हरवते. म्हणून ठरवून घ्या: चित्र थांबल्यासारखं वाटलं की थेरपिस्टने ‘शेवटचं काय ऐकलंस?’ असं शांतपणे विचारायचं आणि वेळ लिहून ठेवायची. खोलीतलं घड्याळ किंवा पंखा कॅमेऱ्यात दिसत असेल तर नेट अडकलंय की मूल, हे ताबडतोब कळतं.

याच मुलांसाठी दुसरी खबरदारी. शांत होण्याचा व्यायाम म्हणून जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला लावू नका, कपालभातीही नको. ईईजी काढताना अॅब्सेन्स फिट मुद्दाम दिसावी म्हणून असाच श्वास तीन मिनिटं घ्यायला लावतात. संथ श्वास, हात थंड पाण्याखाली, दहा पावलं चालणं, एवढ्याने भागतं.

स्क्रीनची भीती मात्र बरीच अवाजवी आहे. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणारे रुग्ण शंभरात साधारण तीन. ईईजीच्या रिपोर्टमध्ये ‘फोटोसेन्सिटिव्ह’ असा शब्द आहे का ते डॉक्टरांना विचारा. असेल तर खोलीत दिवा लावून बसायचं, चमकणारी पार्श्वभूमी आणि अॅनिमेशन बंद, आणि अचानक लुकलुक सुरू झाली तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून प्रकाश आत जातोच.

सत्र चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं, मधे विसाव्या मिनिटाला पाच मिनिटं सुट्टी. मायोक्लोनिक प्रकारात उठल्यानंतरच्या तासाभरात सत्र ठेवू नका. गोळीनंतर सुस्ती येत असेल तर ती वेळही टाळा. बहुतेकांना शाळेनंतर खाऊन, कोचिंगच्या आधी, असा साडेचार-पाचचा सुमार चालतो. फोन हातात धरून सत्र करू नका, स्टँड घ्या. नेट गेलं तर कोण कोणाला फोन करणार, हे आधीच ठरलेलं असू द्या. हेही नियोजनच.

न्यूरोलॉजिस्टचा सल्लाही ऑनलाइन घेत असाल तर मुलासोबत मोठं माणूस असणं बंधनकारक आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत अल्पवयीन रुग्णासाठी तशी अट आहे.

बारा आठवडे

*पहिले दोन आठवडे: वेळ.* मुलाने कुठलंही काम सुरू करताना अंदाज लिहायचा, संपल्यावर खरा वेळ. गणिताचा स्वाध्याय: अंदाज २० मिनिटं, खरा वेळ ५०. म्हणजे अडीच पट. अशा अकरा नोंदी झाल्या की पटीचे आकडे लहान-मोठे लावून मधला घ्यायचा. तो समजा दोन आला, तर यापुढे त्याने स्वतःच्या प्रत्येक अंदाजाला दोनने गुणायचं. ओरडायची गरज राहत नाही, वाद आकड्याशी होतो. इथे चूक होते ती पालकांकडून: खरा वेळ बघून ‘बघ, किती उशीर’ म्हटलं की पुढचे आकडे मूल खोटे लिहितं.

*तिसरा ते पाचवा: पायऱ्या आणि क्रम.* सुरुवात अभ्यासापासून करू नका, पोह्यांपासून करा. इंदूरच्या मुलाला पोहे कसे हवेत हे नक्की माहीत असतं, म्हणून चूक लगेच कळते. त्याला कागदावर लिहू द्या: काय काय लागेल, कशाच्या आधी काय. क्रम चुकणारं मूल हमखास आधी तेल तापवतं आणि मग मोहरी शोधायला लागतं; किंवा फोडणी तयार होते आणि पोहे अजून कोरडेच. पोहे धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे, तेवढ्यात कांदा-मिरची चिरायची, हळद-बडीशेप वाटीत काढायची, आणि सगळं हाताशी आल्यावरच गॅस. शेव, जिरावण (इंदुरी मसाला), लिंबू शेवटी. पहिल्यांदा फक्त यादी, दुसऱ्यांदा यादी वाचत मोठ्यांनी करायचं, तिसऱ्यांदा त्याने. फिट पूर्ण आटोक्यात नसतील तर गॅसऐवजी इंडक्शन वापरा, भांड्याची मूठ आत वळवलेली ठेवा आणि मोठं माणूस शेजारी उभं करा. उकळतं पाणी त्याने उचलायचं नाही.

हाच कागद मग प्रॅक्टिकल फाइलला लावायचा. बारा प्रयोग लिहायचे, आकृत्या, अनुक्रमणिका, सरांची सही. जमा करायच्या तारखेपासून उलटं मोजायचं. अपस्मार असलेल्या मुलाच्या वेळापत्रकात एक गोष्ट जास्त लागते, ती म्हणजे रिकामा दिवस. फिटनंतरचा दिवस हातातून जातो, आणि गच्च वेळापत्रकातून एक दिवस गेला की सगळं कोसळतं. मग मूल म्हणतं, आता काही होणारच नाही. महिन्यातून एखादी फिट येत असेल तर पाच दिवसांतला एक मोकळा ठेवा. फिट आली नाही तर तो दिवस खेळायला. उरलेला अभ्यास त्यात ढकलायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी मूल रिकामा दिवस ठेवायलाच नाही म्हणतं.

सोबत ‘फिटनंतरचं कार्ड’ बनवा, पोस्टकार्डाएवढं. त्यावर मुलाच्याच अक्षरात: झोप. पाणी. राहिलेली गोळी असेल तर आईला सांग. आज अभ्यास नाही. उद्या पहिलं काम फक्त दहा मिनिटांचं, आणि ते कुठलं. कार्डाचा फायदा असा की परत सुरू कसं करायचं हे थकलेल्या डोक्याला ठरवावं लागत नाही.

*सहावा-सातवा: आठवण डोक्याबाहेर.* जागा फक्त तीन: एक वही, एक भिंतीवरचं मोठं कॅलेंडर, एक फोन. चौथी जागा (हातावर लिहिणं, कोचिंगच्या ग्रुपवरचा मेसेज, आईची आठवण) दिसली की त्यातलं या तिघांत उतरवायचं. रोज रात्री जेवणानंतर तीन मिनिटं तिन्ही ताडून बघायची.

अलार्मचं नाव क्रियापदात लिहा. ‘औषध’ असं नाव दिलं की हात अलार्म बंद करतो आणि डोकं पुढे जातं. ‘गोळी तोंडात, मग अलार्म बंद’ असं लिहा, आणि डबी फोनच्या चार्जरशेजारी ठेवा. स्नूझ काढून टाका. याहून पक्की गाठ रोजच्या कामाशी बांधलेली असते: ‘रात्रीचं ताट उचललं की गोळी’. अलार्म सायलेंटवर राहतो, ताट राहत नाही.

*आठवा-नववा: थांबणं आणि बेत बदलणं.* ‘थांब, बघ, ठरव’ एवढेच तीन शब्द. सत्रात थेरपिस्ट मुद्दाम बेत मोडतात: ठरलेला खेळ ऐनवेळी रद्द, दुसरंच काम पुढे. मुलाने मोठ्याने बोलायचं: काय बदललं, माझ्या हातात काय आहे, पहिलं पाऊल कुठलं. घरी याचा सराव छोट्या गोष्टींवर करा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

*दहावा: स्वतःचं औषध.* आठवड्याची, सकाळ-रात्र असे चौदा कप्पे असलेली डबी घ्या. रविवारी मुलाने भरायची, तुम्ही नुसतं बघायचं. आपल्या गोळीचं नाव, ताकद, वेळ, आणि गोळी चुकली तर डॉक्टरांनी सांगितलेला नियम त्याला तोंडपाठ हवा. दहा दिवसांचा साठा उरला की दुकानात जायचं, तीन दिवसांचा उरल्यावर नाही. दुकानदार कंपनी बदलून देत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सोळावं लागलं की मित्र गाडीवर दिसायला लागतात. लायसन्सच्या अर्जासोबत भरायच्या नमुना १ मध्ये अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर खरं द्यायचं; लायसन्स मिळेलच असं नाही. म्हणून सिटी बस, ई-रिक्षा, मित्राच्या मागे हेल्मेट घालून, कुठे कसं जायचं याचा नकाशा याच आठवड्यात बनवा. वाहनाचं दुःख खरं असतं, त्यावर भाषण देऊ नका.

*शेवटचे दोन:* नवं काही नाही. जे चाललं ते ठेवायचं, न चाललेलं काढायचं, आणि शाळेशी बोलायचं.

पालकांनी मागे कसं सरकायचं

घराघरांत कार्यक्रम फसतो तो इथे. आई आठवण करते, मूल करतं, सगळ्यांना वाटतं सुधारणा झाली. आई चार दिवस पुण्याला गेली की सगळं पूर्ववत.

मदतीची शिडी कागदावर लिहा. सगळ्यात खालची पायरी: काय करायचं ते सांगणं (‘दप्तर भर’). त्यावरची: विचारणं (‘उद्यासाठी काय राहिलंय?’). त्यावरची: नुसती खूण, कॅलेंडरकडे बोट. सगळ्यात वरची: गप्प बसणं. एका कामात सलग पाच दिवस जमलं की एक पायरी वर. लागोपाठ दोन दिवस चुकलं की एक पायरी खाली, रागावल्याविना. औषधाला ही शिडी लावताना शेवटची पायरी वर्षभर तरी चढू नका. डबा विसरला तर एक दिवस भूक लागते, गोळी विसरली तर फिट येऊ शकते. दोन्ही चुका एका मापाने मोजू नका.

घरात आई, बाबा, आजी, काकू अशी चार माणसं असतील तर आठवण करणारं माणूस एकच ठरवा. चौघांनी चार वेळा टोकलं की मूल चौघांचंही ऐकणं बंद करतं, आणि ते रास्तच आहे.

शाळा आणि कोचिंग

अर्ज एका पानाचा, मागण्या चार: सूचना तोंडी नव्हे तर लिहून किंवा फळ्यावरून फोटो काढून, फिटनंतरच्या दोन दिवसांत टेस्ट नको, नंतरची तारीख द्यावी, मोठ्या प्रोजेक्टला एकच शेवटची तारीख न देता मधले दोन टप्पे, आणि फिट आली तर काय करायचं याची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे. न्यूरोलॉजिस्टचं पत्र सोबत जोडा. भंवरकुआँकडच्या मोठ्या कोचिंगमध्ये दीडशे मुलांच्या वर्गात हे सगळं जमणार नाही. तिथे किमान पहिल्या दोन रांगांतली जागा आणि रात्रीची बॅच नको, एवढं तरी मागून घ्या.

बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो का, हा नेहमीचा प्रश्न. सीबीएसईत दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अपस्मार स्वतंत्र नावाने नाही. सोबत विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा यादीतली दुसरी अडचण असेल आणि तिचं सरकारी प्रमाणपत्र असेल, तर सवलतीचा रस्ता तिथून जातो. प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, म्हणून नववीतच सुरुवात करा. एमपी बोर्डाचे नियम शाळेतून लेखी मागून घ्या.

फरक पडतोय हे कसं कळणार

मार्कांवरून कळत नाही, निदान पहिल्या सहा महिन्यांत नाही. तीन आकडे दर रविवारी लिहा: आठवड्यात वेळेवर घेतलेल्या गोळ्या चौदापैकी किती, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटांत सुरू झालेली कामं किती, आणि मोठ्यांनी दिलेल्या आठवणी किती. तिसरा आकडा कमी होताना पहिला टिकून राहिला, तर काम होतंय.

सहा आठवडे आकडे जागचे हलले नाहीत तर धडे वाढवू नका. मागे जाऊन बघा: डोस बदलला का, झोप कमी झाली का, अॅब्सेन्स फिट नजरेतून सुटताहेत का, मन खचलंय का, सोबत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलतेचा विकार, आहे का (अपस्मार असलेल्या मुलांत तो जास्त आढळतो), की आपण चुकीचा ढीग निवडला. ही यादी घेऊन आधी न्यूरोलॉजिस्टकडे, मग थेरपिस्टकडे.

बारा आठवडे संपल्यावर सत्रं एकदम बंद करू नका. एक महिन्याने एक, मग तीन महिन्यांनी एक, आणि परीक्षेचं वेळापत्रक हातात पडेल त्या आठवड्यात एक. त्या शेवटच्या सत्राला मुलाने कॅलेंडर, वही आणि फिटनंतरचं कार्ड घेऊन बसायचं, आणि रिकामे दिवस कॅलेंडरवर त्याने स्वतः आखायचे.